निळा टॉवेल

गव्हाच्या खुंटांवर दव गोठलेलं.
कॅन्ससात नोव्हेंबरचा वारा सहसा रजा घेत नाही;
त्या शनिवारी घेतली,
म्हणून कुरणात उजाडल्यापासून गाड्या लागलेल्या.

लोवेल उनरूनं टेबलावर टॉवेल अंथरला, पांढरा.
पांढराच हवा, कचरा लपू नये म्हणून.
चाळीस वर्षं मळणीयंत्रांच्या पोटात हात घालून
त्याची बोटं आता डोळ्यांच्या आधी बघतात.

मोटर सुटी होऊन पुढ्यात पडलेली.
सूचनांचा कागद त्याला पाठ आहे,
तरी ओळीखाली बोट धरून तो मोठ्यानं वाचतो,
चर्चमध्ये त्याचे वडील शास्त्र वाचत, तसा.
नळीतली मागच्या उड्डाणाची काजळी खरवडली,
कुठं फुगली नाही ना, कॅलिपर लावून पाहिलं.
अस्तराच्या कडेची कूस नखानं काढली.
मग इंधनाचे दाणे. दाणे म्हणतात सगळे,
पण एकेक मनगटाएवढा, मधोमध आरपार भोक.
चारही उजेडात धरून फिरवले.
"भेग म्हणजे आगीला जादा जागा," तो म्हणाला,
"आणि जादा आग म्हणजे जादा दाब.
नळीला काय, ती सोसते तोवर सोसते."

सोसली नाही ती नळी त्याच्या टेबलावरच असते,
एका बाजूनं पाकळ्यांसारखी उमललेली.
तो तिच्यात पेन्सिली ठेवतो.
त्या उन्हाळ्यापासून त्याची डावी भुवई उगवलेली नाही.

माझं काम ग्रीसचं.
ओ-रिंग दोन बोटांत धरायची, पातळ हात फिरवायचा,
चकाकेल इतपत, लदबदेल इतका नाही.
थंडीत रबर आडमुठं होतं,
म्हणून सकाळपासून कोटाच्या आतल्या खिशात
मी त्या रिंगा उबवत होते, अंडी उबवावीत तशा.
पुढचं तोंड बंद झालं.
मागची रिंग राहिली होती.
मी म्हटलं, झालं.

लोवेलनं ती घेतली, डोळे मिटले,
अंगठ्यावरून फिरवली.
पुन्हा फिरवली.
थांबला.
"ट्वायला, हा तुझा."

एक केस. पांढरा.
टॉवेलवर तर दिसलाच नसता.

केसाएवढी वाट पुरते, हे मला ठाऊक आहे.
आधी धूर वाट विचारून जातो,
मागून ज्वाळा येते, ती विचारत नाही.
मला वाटलं, पुसेल आणि बसवेल.
त्यानं ती रिंग कात्रीनं कापली,
दोन तुकडे करून कचऱ्यात टाकली,
मग बंद केलेलं पुढचं तोंडही उघडायला घेतलं.
"एक सापडला. दुसरा कुठं आहे?"

कोल्बी शेलनबर्गर, वय सोळा,
चार महिने गॅरेजमध्ये घासून-रंगवून आणलेलं रॉकेट
मांडीवर आडवं घेऊन बसला होता.
काही बोलला नाही. चेन वर-खाली करत राहिला.

दुसरा केस नव्हता.
पुढची रिंग स्वच्छ, अस्तर स्वच्छ, दाणे जागच्या जागी.
पुन्हा जुळणी होईतो साडेतीन वाजले
आणि रजेवर गेलेला वारा कामावर हजर झाला.
रेंजवरचा लाल झेंडा आडवा ताठ.
आकाश बंद.

कोल्बीच्या बापानं रॉकेट ब्लँकेटात गुंडाळून गाडीत ठेवलं.
माझ्याकडं पाहिलं नाही.
त्या संध्याकाळी कुरणात काहीच फुटलं नाही.
कुणी त्याचा फोटो काढला नाही,
आणि ते फुटलं असतं की नसतं
हे मला अजून माहीत नाही.
घरी आरशापुढं बसून मी बराच वेळ केस विंचरले,
फणीत आले ते मोजले. अकरा.

एप्रिलमध्ये ते गेलं.
लोक सांगतात, सरळ गेलं,
निळ्यात ठिपका होऊन दिसेनासं झालं,
मग केशरी छत्री उघडली.
मी पुढच्या मोटरच्या रिंगेवरून अंगठा फिरवत होते,
डोक्याला रुमाल घट्ट बांधून,
लोवेलनं न बोलता आणून ठेवलेल्या
गडद निळ्या टॉवेलावर वाकून.